सामान नव्हे, बिऱ्हाड

आमच्या घराची फरशी खचली आहे हे मला कोणा गवंड्याने सांगितले नाही की इंजिनिअरने नाही. ते सांगितले दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीने. पाच फूट लांबीच्या त्या काचेच्या टाकीत पाणी वरच्या कडेपासून दोन इंच खाली असते. मागच्या पावसाळ्यात एके दिवशी आईच्या लक्षात आले, की डावीकडे दोन बोटे जागा मोकळी दिसते आणि उजवीकडे जेमतेम एक. पाणी कधी तिरके उभे राहत नाही. तिरके झाले होते ते आमचे घर.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, ज्यांनी काळ्या मातीवर घर बांधले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दर वर्षी घराला थोडे हलवून जाते. जोत्यातला मुरूम नीट धुमसलेला नसेल तर काही वर्षांनी फरशी कुठे पोकळ वाजू लागते, कुठे एक कड वर येते. सिडकोतल्या आमच्या बैठ्या घरात हेच झाले होते. आईला एकदा त्या वर आलेल्या कडेची ठेच लागली आणि फरशी बदलायचे ठरले. चैन म्हणून नव्हे, गरज म्हणून.

मिस्त्री आले. त्यांनी पायाने ठोकून ठोकून सगळी खोली वाजवून पाहिली, टेप लावला, हिशेब सांगितला आणि मग टाकीकडे बोट दाखवून विचारले, “सर, हे सामान कुठं हलवायचं?”

आई खुर्चीतून म्हणाली, “सामान नाही बाबा ते. बिऱ्हाड आहे.”

मिस्त्री हसले, मीही हसलो. पण त्या एका शब्दात आईने सगळा प्रश्न नेमका मांडला होता, हे पुढच्या महिनाभरात मला पटत गेले. घराचे काम काढताना आपण घरातल्या गोष्टींची यादी करतो. सोफा, कपाट, फ्रीज, टीव्ही. त्याच यादीत माशांची टाकी येते आणि तिथेच चूक होते. सामान उचलून ठेवता येते. बिऱ्हाड हलवावे लागते, आणि बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय हे भाड्याच्या घरात दिवस काढलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, अपराधाने बोलतो आहे. सात वर्षांपूर्वी घराला रंग द्यायचा होता तेव्हा हीच टाकी हलवली होती. टाकी रिकामी होतेच आहे, तर सगळे लख्ख करून टाकू, असे माझ्या मनाने घेतले. खडे नळाखाली चोळून धुतले. फिल्टरमधला स्पंज पिळून पिळून पांढरा होईपर्यंत साफ केला. जुने पाणी पिवळट दिसत होते, ते सगळे मोरीत सोडले. ताजे पाणी भरले, त्यात दुकानातून आणलेले क्लोरीन मारणारे थेंबही घातले. टाकी आरशासारखी चमकत होती. शेजारी पाहायला आले. चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि आठवडा संपेपर्यंत नऊ गोल्डफिशपैकी पाच गेले. आईने चार दिवस त्या खोलीत चहा घेतला नाही. मला कोणी दोष दिला नाही, पण मासे मेले ते घाणीने नव्हे, माझ्या स्वच्छतेने, हे कळायला मला पुढे बरेच वाचावे लागले.

जे कळले ते थोडक्यात सांगतो, कारण टाकी ठेवणाऱ्या दहा घरांपैकी किती घरांना ते ठाऊक असेल याची मला शंका आहे. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच विसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो माशाला विषारी असतो. नदीत, तळ्यात पाणी अफाट असते. काचेच्या चार भिंतींत ते विष साठत जायला हवे. तसे होत नाही, कारण टाकीत आपल्याला न दिसणारे आणखी एक कुटुंब राहत असते. ते जिवाणूंचे. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट माशाला बऱ्याच प्रमाणात सोसते आणि झाडांचे ते खत असते. मातीतल्या अशा जिवाणूंचे काम रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडून दाखवले. शेतातली माती ज्या कामावर पिकते, त्याच कामावर दिवाणखान्यातली टाकी जगते.

गंमत अशी, की हे जिवाणू पाण्यात फार थोडे असतात. ते चिकटून राहतात खड्यांना, काचेला आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या त्या कळकट स्पंजला. नव्या टाकीत त्यांचा संसार बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली खडे आणि स्पंज धुतला तेव्हा ते सगळे कुटुंब मोरीतून वाहून गेले. मासे मात्र राहिले, आणि त्यांचे विष काढून घेणारे कोणी उरले नाही. म्हणजे मी माणसे आणली नव्या घरात आणि स्वयंपाकघर, मोरी, विहीर सगळे जुन्या घरी पाडून टाकले.

तेव्हा या खेपेला ठरवले, की आधी त्या न दिसणाऱ्यांची सोय, मग माशांची आणि सर्वांत शेवटी फरशीची.

पहिला प्रश्न वजनाचा होता. पाच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी म्हणजे पंधरा घनफूट. काठोकाठ भरली तर सव्वाचारशे लिटर. थोडे कमी धरले तरी चारशे किलो नुसते पाणी. त्यात जाड काच, खडे आणि लोखंडी स्टँड मिळवला की आकडा पावणेसहाशे-सहाशे किलोंवर जातो. आपल्याकडे राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वापराचा भार धरून आखतात. टाकीखालची जागा पाऊण चौरस मीटरही नसते. आमचे घर बैठे आहे म्हणून निभावले, पण वरच्या मजल्यावर मोठी टाकी ठेवणाऱ्यांनी ती खोलीच्या मधोमध न ठेवता बीमच्या अंगाने, भिंतीलगत ठेवावी आणि तीही एकदा जाणकाराला दाखवून.

पाण्याच्या वजनाची जाण आमच्या शहराला नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी या खडकीला नहरीचे पाणी आणले. पुढे १७४४ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या पाणचक्कीत तेच तत्त्व वापरून, दूरच्या डोंगराकडचे पाणी खापराच्या नळांतून आणून पीठ दळले गेले. त्या आवारातला मोठा हौद पाहणाऱ्यांपैकी अनेकांना कल्पना नसते, की त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत आहे. जाडजूड खांबांवर तो भार तोलला आहे, आणि खाली बसणाऱ्याला वरच्या पाण्याचा गारवा मिळतो. ज्यांनी तो बांधला त्यांनी आधी पाण्याचा विचार केला आणि मग दालनाचा. आपण आज उलटे करतो. टाइल्सचा रंग आधी पसंत करतो आणि पाण्याचे काय ते मागून बघू म्हणतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. मिस्त्री म्हणाले, “दोन दिवसांचं काम आहे.” घराचे काम ज्यांनी काढले आहे त्यांना या दोन दिवसांचा अर्थ माहीत आहे. आमचे नऊ झाले. शिवाय फरशी बसली म्हणजे ती भार घ्यायला तयार झाली असे नाही. खालचा माल पक्का व्हायला वेळ लागतो, आणि कोवळ्या मालावर सहाशे किलोंचा स्टँड चार पायांवर उभा केला तर नवी फरशी पुन्हा पोकळ व्हायची. म्हणून मी मिस्त्रींचे दोन दिवस धरले नाहीत, तीन आठवडे धरले. माझे मत असे, की माशांसाठी जी तात्पुरती सोय करायची ती ‘रात्रीपुरती’ करू नये. महिनाभर राहता येईल अशीच करावी.

वेळेतच ऋतूचाही विचार येतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. आमच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते. म्हणून काम दिवाळीनंतर काढले. गोल्डफिशला गारवा मानवतो. ज्यांच्याकडे एंजलसारखे उष्ण प्रदेशातले मासे आहेत त्यांनी डिसेंबर-जानेवारीची थंडीही टाळावी. एकूण काय, मुहूर्त पंचांगात किंवा ठेकेदाराच्या डायरीत पाहण्याआधी टाकीत पाहावा.

तिसरा प्रश्न होता माशांना ठेवायचे कशात. आमच्याकडे चिकलठाणा, वाळूज अशा औद्योगिक वसाहती आहेत, आणि निळे जुने ड्रम स्वस्तात मिळतात. त्यांत पूर्वी काय भरले होते हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. असा ड्रम कितीही धुतला तरी माशांसाठी घेऊ नये, आणि खरे तर पिण्याच्या पाण्यासाठीही घेऊ नये. मी पाचशे लिटरची नवी, माळ्यावर ठेवतात तसली आडवी टाकी आणली. तिचे तोंड अरुंद असल्याने वरचा भाग मिस्त्रींकडून कापून घेतला. पाण्याचा पृष्ठभाग जितका मोठा तितका प्राणवायू अधिक. बायको म्हणाली, “एवढा खर्च माशांसाठी?” मी म्हटले, “नंतर आपल्यालाच लागेल.” गेली कित्येक वर्षे आमच्या शहराला नळाचे पाणी काही काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असूनही पाणी साठवण्याची भांडी इथल्या घरात कधी वाया जात नाहीत. यावर ती काही बोलली नाही.

पाण्याच्या याच टंचाईमुळे जुने पाणी सांभाळणे हे दुहेरी शहाणपण ठरते. जुन्या पाण्यात जिवाणू थोडे असले तरी माशाचे अंग त्या पाण्याला सरावलेले असते. एकदम टँकरचे पाणी भरले, आणि ते बोअरचे जड पाणी निघाले, तर मासा हबकतो. म्हणून नळीने तीनशे लिटर पाणी आधी आतल्या खोलीतल्या नव्या टाकीत ओढून घेतले. तिथे फिल्टर चालू केला, स्पंज न धुता जसाच्या तसा. मग मूळ टाकीत वीतभर पाणी उरले तेव्हा एकेक मासा ओल्या जाळीत हळूच घेऊन पलीकडे नेला. पाणी भरपूर असताना जाळी घेऊन माशांच्या मागे धावणे म्हणजे त्यांना उगाच पळवणे. आदल्या दिवशी त्यांना खायला दिले नव्हते, म्हणजे प्रवासात पाणी कमी घाण होते. वर जाळी बांधली, कारण नव्या जागी घाबरलेला मासा उडी मारतो. खडे दोन बादल्यांत जुन्या पाण्यात ओलेच ठेवले. तळाच्या थरातून सडक्या अंड्यासारखा वास आला. तो वायूही माशांना घातक असतो, म्हणून खडे मासे बाहेर काढल्यावरच उपसले. आणि रिकामी काच चार जणांनी तळाला हात देऊन उचलली. पाण्यासकट, अगदी अर्ध्या पाण्यासकटही, टाकी उचलू नये. सांधे सिलिकॉनचे असतात. ते पाण्याचा दाब सोसतात, पिरगळा सोसत नाहीत.

मग सुरू झाले कटरचे आवाज आणि सिमेंटची धूळ. हवेचा पंप ज्या खोलीत असतो त्या खोलीची हवा तो पाण्यात ढकलतो. म्हणून पंप काम चालले होते तिथून दूर, बंद खोलीत ठेवला आणि टाकीवर ओले सुती कापड टाकले. सिमेंट पाण्यात गेले की पाण्याचा क्षार वाढतो, आणि अशा पाण्यात तोच अमोनिया अधिक विषारी होतो. दर तीन दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी बदलले, एक दिवस आधी उघडे ठेवलेले आणि थेंब घातलेले. निघालेले पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला गेले. खाणे निम्म्यावर आणले. नायट्राइट तपासण्याची बाटली आणली होती, तिचा रंग रोज सकाळी पाहायचो.

एवढे सगळे वाचून काही वाचक म्हणतील, की मासे काय, पन्नास-शंभर रुपयांना मिळतात, एवढा खटाटोप कशाला? मेले तर नवे आणावेत. हा युक्तिवाद मी घरोघरी ऐकला आहे आणि त्याची मला भीती वाटते. वस्तूची किंमत काढता येते, पण आपल्या भरवशावर असलेल्या जिवाची किंमत दुकानातल्या पाटीवर नसते. मासा ओरडत नाही, कुत्र्यासारखा दाराशी बसत नाही, म्हणून त्याचा भरवसा कमी ठरत नाही. काचेत आणले कोणी? आपण.

याहून वाईट म्हणजे ज्यांना हा खटाटोप नको असतो ते ‘मुक्त’ करतात. पिशवी घेऊन सलीम अली सरोवरावर किंवा हर्सूलच्या तलावावर जायचे, मासे सोडायचे आणि पुण्य केले म्हणून परतायचे. हे पुण्य नव्हे. टाकीत काच चाटणारा तो काळा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा. हौशी लोकांच्या टाक्यांतून निघून तो पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून केरळपर्यंत पसरला आहे. इथले मासे त्याच्यापुढे मागे पडतात आणि कोळ्यांची जाळी फाटतात. मासे ठेवणे जमत नसेल तर जाणत्या हौशी माणसाला द्यावेत. तळ्यात कधीही नाही.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. मरीन ड्राइव्हवरच्या त्या इमारतीचेही नूतनीकरण करावे लागले आणि २०१५ साली ते लोकांसाठी पुन्हा उघडले. आमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत तिथेच पहिल्यांदा काचेआडचा मासा पाहिला आणि घरी टाकी असावी असे वाटले ते तेव्हापासून. पण मत्स्यालयात माणसे पगारावर असतात. घरात ते काम आपले असते, आणि हौस घरी आणताना हे काम कोणी सांगत नाही.

आता मूळ मुद्दा. काम ठरले तेव्हा मी आईला म्हटले होते, “धुळीचा त्रास होईल, तू पंधरा दिवस ताईकडे जालन्याला जाऊन ये.” ती म्हणाली, “आणि यांना कुठं पाठवतोस?” त्या वेळी मला ते नुसते माशांविषयीचे वाक्य वाटले. नंतर लक्षात आले, की मिस्त्रींनी टाकीविषयी विचारले होते तेच मी आईविषयी ठरवून मोकळा झालो होतो. कुठे हलवायचे, एवढेच. तिचे सकाळचे ऊन कुठल्या खिडकीत येते, रात्री अंधारात भिंतीचा कोणता कोपरा धरून ती मोरीपर्यंत जाते, शेजारच्या काकू किती वाजता येतात, हे सगळे तिचे न दिसणारे बिऱ्हाड होते. ते जालन्याच्या पिशवीत मावणारे नव्हते. आज जुनी घरे पाडून नवी उभी राहत आहेत, वर्षा-दोन वर्षांसाठी म्हाताऱ्या माणसांना कुठल्याशा फ्लॅटमध्ये हलवले जाते, आणि मग ‘नव्या घरात सगळं आहे, तरी यांचं लागत नाही’ असे आपण म्हणतो. कदाचित आपणही स्पंज नळाखाली धुतलेला असतो.

घर दुरुस्त करू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. खचलेली फरशी बदललीच पाहिजे. आईची ठेच खोटी नव्हती. म्हणणे एवढेच, की काम सुरू करण्याआधी घरात कोण कोण कशाकशाच्या आधाराने जगते याची एकदा यादी करावी, आणि जे डोळ्यांना कळकट दिसते ते सगळे एका दिवसात धुऊन टाकू नये. निम्मे आज धुवावे, निम्मे महिन्याने. आई जालन्याला गेली नाही. आधी आतली खोली झाली, तिथे तिची खाट आणि माशांची टाकी शेजारी शेजारी लागली, आणि मग दिवाणखान्याला हात घातला. फरशी खरबरीत पोताची घेतली, ओल्या पायाने न घसरणारी.

एकोणिसाव्या दिवशी टाकी परत जागेवर आली. मिस्त्रींनी तिथली प्रत्येक फरशी नाण्याने वाजवून पाहिली, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल धरली, स्टँडवर थर्माकोल अंथरला. आम्ही जुने पाणी भरले, ओले खडे पसरले, तोच कळकट स्पंज लावला. उरलेले चार आणि नंतर आणलेले तीन, सातही मासे परतले. काम संपवून निघताना मिस्त्री टाकीपुढे उभे राहिले आणि विचारले, “हे रोज किती वेळा खातात हो सर?”

आईने चष्मा लावून दोन्ही बाजूंना बोटे धरून पाहिली. डावीकडे दोन बोटे, उजवीकडे दोन.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि चहा मागितला.